शिकाऊ विमान पडलं की 'तांत्रिक बिघाड' लिहून मोकळं व्हायचं?

लहान विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन शब्द ठरलेले: तांत्रिक बिघाड. बघ्यांची गर्दी होते, व्हिडिओ फिरतात, चार दिवसांत विषय संपतो. माझं स्पष्ट मत आहे, हे दोन शब्द अनेकदा खऱ्या कारणावर पांघरूण घालतात.

यातल्या बऱ्याच अपघातांचं कारण असतं 'स्टॉल'. ऐकून वाटतं, इंजिन बंद पडलं असेल. तसं नाही. इंजिन ठणठणीत चालू असतानाही विमान स्टॉल होतं. पंख हवेला ज्या कोनात भिडतात तो साधारण १५ ते १८ अंशांच्या पुढे गेला, की पंखावरचा हवेचा प्रवाह तुटतो, उचल कमी होते आणि विमान खाली येऊ लागतं. उपाय एकच, नाक खाली करून वेग घ्यायचा. ३००० फुटांवर ते जमतं. उड्डाणानंतर २०० फुटांवर असताना खाली जायला जागाच कुठे असते?

११ एप्रिल १९९६ चा अमेरिकेतल्या शायेनचा अपघात बघा. जेसिका डुब्रॉफ ही ७ वर्षांची मुलगी विमानातून देश ओलांडण्याच्या विक्रमाला निघाली होती. सोबत वडील आणि प्रशिक्षक वैमानिक. शायेन सुमारे ६००० फूट उंचावर, हवा विरळ. विमानात मर्यादेपेक्षा जास्त वजन. त्यात वादळी पाऊस. तरी उड्डाण केलं. थोड्याच वेळात स्टॉल, आणि तिघेही गेले. चौकशी अहवालाने बोट ठेवलं ते वैमानिकाच्या निर्णयावर. शिवाय वेळापत्रक पाळण्याच्या घाईमागे प्रसारमाध्यमांना दिलेला शब्द हेही एक कारण होतं, असं अहवालात नोंदवलंय. पत्रकारांनी हे वाक्य भिंतीवर लावून ठेवावं! त्याच वर्षी अमेरिकेने लहान मुलांच्या अशा विक्रमी उड्डाणांवर कायद्याने बंदी घातली.

आता आपल्याकडे या. बारामती, गोंदियाजवळचं बिरसी, शिरपूर इथे पोरं-पोरी विमान शिकतात. आईबाप लाखो रुपये मोजतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच आठवड्यात दोन शिकाऊ विमानं पडली. ती स्टॉलमुळे पडली असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की कारण काय होतं हे आपल्यापैकी किती जणांनी नंतर विचारलं? विमान अपघातांची चौकशी करणारा केंद्राचा विभाग, एएआयबी, अहवाल संकेतस्थळावर टाकतो. अहवाल आला की त्याचीही बातमी व्हायला हवी, अपघाताइतकीच मोठी.

दुसरी गोष्ट जमिनीची. उड्डाणानंतर इंजिन खरंच गेलं, तर विद्यार्थ्याला शिकवतात, मागे वळू नको, समोर मोकळं दिसेल तिथे उतर. कारण उंची राखून ४५ अंश कलून वळलं, तर ज्या वेगाला विमान स्टॉल होतं तो वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. आधीच वेग कमी, त्यात हे. पण धावपट्टीच्या समोरच प्लॉटिंग, गोदामं आणि विजेच्या तारा असतील, तर त्या पोराने उतरायचं कुठे? मग मागे वळायचा मोह होतो आणि घात होतो. विमानतळाजवळच्या बांधकामाला मिळणारा ना-हरकत दाखला इमारतीची उंची बघतो. समोर चार एकर मोकळं राहिलंय का, हे तो बघत नाही.

म्हणून नगरपालिका, एमआयडीसी आणि लोकप्रतिनिधींना सांगणं आहे. धावपट्टीच्या दोन्ही टोकांपुढचा पट्टा विकास आराखड्यात मोकळा ठेवा. शेती राहू द्या, हरकत नाही. पिकाचं नुकसान भरून देता येतं.

आपल्या गावाजवळ धावपट्टी असेल तर तिच्या टोकाला आज काय उभं राहतंय, ते कमेंटमध्ये लिहा. फोटो असेल तर उत्तमच.