साडेसहा हजारांचा भुसा

गेल्या आठवड्यात इथे कुणीतरी आजोबांच्या सागवानी कपाटाचा फोटो टाकला होता. खाली रांगेने 'गेले ते दिवस' लिहिलं गेलं. मीही लाइक केलं. मग वाटलं, ते दिवस घालवले कुणी? आपणच की. अडतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आज स्वतःचा मांडतो. कुणाला टोचलं तर टोचू दे.

२०२३ च्या पाडव्याला चिरंजीवांनी ४३ इंची टीव्ही आणला आणि त्याच्या खाली ठेवायला फोनवरून 'टीव्ही युनिट' मागवलं. ६,४९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. दाराशी आलं ते एक चपटं, जड खोकं. आत फळ्या, स्क्रूंची पुडी, लाकडी खुंट्या, कॅम लॉक म्हणतात त्या चकत्या, एक वाकडी एलन की आणि चित्रांची पुस्तिका. पुस्तिकेत मराठी नाही, गुजराती नाही, नुसते बाण आणि आकडे.

मी आणि नातू दुपारी दोनला बसलो, सव्वासहाला उठलो. मधली फळी उलटी लागली, म्हणून काढून परत लावली. तिथेच फसलो. असल्या फळीत स्क्रू एकदाच नीट धरतो. काढून पुन्हा पिळला की आतला भुसा सुटतो आणि पकड जाते. आमचा तो स्क्रू शेवटपर्यंत नुसता गरगर फिरत राहिला. नातू म्हणाला, "आजोबा, दिसत नाही ना, मग चालेल."

ही फळी म्हणजे पार्टिकल बोर्ड. लाकडाचा चुरा फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात कालवून, दाबून थापलेला. वर सागाच्या रेषा छापलेला कागद, कडांना पट्टी. कडेतून पाणी शिरलं की संपलं.

आणि पाणी शिरलं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री ३५ फुटांच्या पुढे गेली, तेव्हा समाच्या आमच्या टेनामेंटात मांडीपर्यंत पाणी होतं. टीव्ही वर शेजाऱ्यांकडे चढवला. पाणी उतरल्यावर पाहिलं तर युनिट चहात बुडवलेल्या खारीसारखं झालेलं. उचलायला गेलो तर कोपरा हातात आला. सोसायटीच्या रस्त्यावर असल्याच फळ्यांचा ढीग पडला होता. वॉर्डरोब, कॉम्प्युटर टेबलं, पोरांचे पलंग, सगळ्यांचा एकच लगदा.

त्याच खोलीत, त्याच पाण्यात माझं १९८४ चं टीव्हीचं कपाट उभं होतं. दांडिया बाजारातल्या वाड्यात असताना आमच्या मिस्त्रींकडून करून घेतलेलं. वलसाडी साग, सांध्यात खिळा नाही, लाकडात लाकूड बसवलेलं. पुढे सरकतं शटर आणि पितळी कुलूप, कारण आमच्या वडिलांच्या मते टीव्ही ही तिजोरीइतकीच धोक्याची वस्तू होती. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं तेव्हा रविवारी सकाळी वडील स्वतः किल्ली फिरवायचे आणि अख्खा वाडा खाली सतरंजीवर. हल्ली त्यात औषधं आणि श्राद्धाची भांडी असतात. पुरानंतर खालचा कप्पा आठ दिवस अडकला, मग वाळून आपोआप सुटला. पॉलिशवर पांढरा डाग राहिला आहे, तो असू दे.

आता हिशेब. कपाटाला तेव्हा ११०० रुपये पडले. चाळीस वर्षं, म्हणजे ४८० महिने. महिन्याला सव्वादोन रुपये. महागाई धरा म्हणाल, तर पंधरापट धरतो: महिन्याला ३४ रुपये. युनिट सतरा महिने टिकलं, महिन्याला ३८२ रुपये. आयकर खातं फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा मंजूर करतं. माझा सतरा महिन्यांत शंभर टक्के. आणि याला आपण 'स्वस्त' म्हणतो.

पूर काय रोज येतो, असं मुलगा म्हणतो. बडोद्यात २०१९ ला आला होता, २०२४ ला आला. आणि पूर नसला तरी पावसाळ्यातला दमट वारा आणि फरशी पुसायचा ओला पोछा आहेच.

दुसरं म्हणणं, नोकरीच्या बदल्या होतात, जड सामान कोण नेणार? अहो, माझ्या सात बदल्या झाल्या. आमचा शिसवी पलंग दर वेळी सुटा होऊन ट्रकमध्ये चढला आणि नव्या गावी पाचरी ठोकून उभा राहिला. सुटं करायला माझी ना नाही. १९५६ च्या सुमारास स्वीडनच्या आयकियाने गाडीत मावावं म्हणून टेबलाचे पाय सुटे केले. तिकडे मजुरी महाग, म्हणून जोडायचं काम गिऱ्हाइकाने करायचं. इथे मिस्त्री दारात उभा असताना आपण गुडघे दुखवत फरशीवर बसतो. माझ्या सव्वाचार तासांची मजुरी कुणाच्या खात्यात जमा झाली?

मिस्त्रींची बाजूही पूर्ण गोरी नाही, ते लिहायलाच हवं. आठ दिवस सांगून चाळीस लावले. घरभर भुसा. आमच्या हिने रोज दोनदा चहा दिला आणि माझं डोकं खाल्लं. पण याच माणसाला १९७८ मध्ये आमच्या शाखेतून डी.आर.आय. योजनेत ४ टक्क्यांनी हत्यारांसाठी २,००० रुपयांचं कर्ज दिलं होतं. शेवटचा हप्ता मुदतीच्या आधी भरला. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढून सुतारकाम शिकवायची सोय केली, जिथून संखेडा हाकेच्या अंतरावर आहे, तिथे आपण मराठी मंडळी महाराजांच्या जयंतीला भाषणं करतो आणि टीव्हीखाली भुसा ठेवतो.

मिस्त्री आता नाहीत. त्यांचा मुलगा कंपन्यांची खोकी उघडून जोडून देतो, नगावर पैसे. पुरानंतर तो भेटला. आमचा लगदा पायाने हलवून म्हणाला, "साहेब, आ लाकडुं क्यां छे? आ तो वहेर छे!" वहेर म्हणजे भुसा. विचारलं, बापाचं काम येतं का? म्हणाला, येतं, पण विचारतं कोण?

दिवाळीच्या सेलमध्ये सूनबाईंनी दुसरं युनिट निवडून ठेवलं होतं. तीन दिवस घरात वाद झाला. "बाबा, एकोणीस हजार कुठे आणि सात कुठे?" या प्रश्नावर मी वरचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर लिहून दिला. तिने दोनदा पाहिला, महागाईचे पंधरापट जास्त आहेत का म्हणून वाद घातला, मग गप्प झाली.

मिस्त्रींच्या मुलाने रविवारी माप घेतलं. खाली सहा इंची पाय ठेवतो म्हणाला, पाण्यासाठी. एकोणीसचे साडेसतरा करायला तयार झाला नाही. पाच हजार आगाऊ दिले. लाकूड देवदिवाळीनंतर येणार. तोपर्यंत टीव्ही माझ्या बदल्यांच्या काळातल्या पत्र्याच्या ट्रंकेवर आहे.