मशीन काढतात, म्हणजे काय करतात?



चामोर्शी तालुक्यात रोवणीचे दिवस आले की सर्पदंशाच्या वार्ता कानी येऊ लागतात. त्यातही मण्यार फार घातकी. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. फारसे दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि मग श्वास अडतो. अशा वेळी १०८ ला फोन न करता पुजाऱ्याकडे जो वेळ जातो, तो परत मिळत नाही. पण आज आम्हांला बोलायचे आहे ते पुढचे. पेशंट गडचिरोलीला, चंद्रपूरला किंवा नागपूरला पोहोचला आणि व्हेंटिलेटरवर गेला, त्यानंतरचे.

"मशीनवर ठेवला" एवढे शब्द गावात पोहोचले की रडारड सुरू होते. चार-पाच दिवसांनी डॉक्टर म्हणतात, "आज मशीन कमी करून पाहू," तेव्हा तर घरचे लोक अधिकच हादरतात. "साहेब, मशीन काढू नका, आम्ही शेत गहाण टाकतो," ही विनवणी दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकली आहे. डॉक्टरांनी आशा सोडली, असाच त्यांचा समज होतो. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा असतो.

मण्यारीचे विष श्वासाचे स्नायू लुळे पाडते. प्रतिविष रक्तातले विष निकामी करते, पण ज्ञानतंतूंच्या टोकांना झालेली इजा भरून यायला काही दिवस लागतातच. तेवढे दिवस मशीन श्वास देते. १९५२ साली कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली, तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून रुग्णांना श्वास दिला. मरणारांचे प्रमाण एकदम घटले. आजचे मशीन तेच काम करते. आणखी एक गोष्ट. पापणी हलत नसली तरी या पेशंटला बहुधा सारे ऐकू येत असते. खाटेजवळ उभे राहून तेराव्याच्या गोष्टी करणाऱ्या पाहुण्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

मशीन सोडवण्याला डॉक्टर 'वीनिंग' म्हणतात. लेकराचे अंगावरचे दूध तोडणे, यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. आमच्या मायबहिणींना यापुढे काही समजावून सांगायला नको. मूळ दुखणे उतरले का, प्राणवायू कमी लागतो का, रक्तदाब स्थिर आहे का, शुद्ध आहे का, हे आधी पाहतात. सर्पदंशात मान उशीवरून उचलून धरता येते का, जोराने खोकता येते का, हेही पाहतात. मग मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा तास ते दोन तास पेशंटला स्वतःच्या बळावर श्वास घेऊ देतात. धाप लागली, घाम फुटला, नाडी धावू लागली की आधार पुन्हा वाढवतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहतात. स्पेनमधील डॉक्टरांनी १९९५ साली दाखवून दिले, की दिवसातून एकदा अशी परीक्षा घेतली तर आधार हळूहळू कमी करण्यापेक्षा पेशंट लवकर सुटतो. तेव्हा एक दिवस नापास झाला म्हणून हाय खाऊ नये.

घाई का करतात, असे विचारले जाते. कारण श्वासाचा पडदा कामाविना राहिला तर दोन-तीन दिवसांतच त्याचे स्नायू झिजू लागतात, आणि नळीमुळे न्यूमोनियाचे भय रोज वाढते. झोपेचे औषध रोज थांबवून श्वासाची परीक्षा घेतली तर पेशंट लवकर सुटतो, शिवाय वर्षाअखेर जिवंत असणारेही अधिक असतात, हे २००८ साली अमेरिकेतील अभ्यासात दिसले. औषध थांबल्यावर तो हातपाय झाडतो, डोळ्यांतून पाणी येते, आणि घरच्यांना वाटते हाल चालले आहेत. पाहवत नाही हे खरे. पण त्या वेळी हात धरून नावाने हाक मारावी, वार कोणता, दवाखाना कोणता ते सांगावे.

उपचार थांबवून मशीन काढणे ही बाब अगदी वेगळी. त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नियम घालून दिले आणि २०२३ मध्ये ते सुटसुटीत केले. त्यात डॉक्टरांची दोन मंडळे लागतात, घरच्यांची संमती लागते. तेव्हा शंका आली तर सरळ विचारावे: "साहेब, श्वास सुधारला म्हणून काढता, की उपाय उरला नाही म्हणून?" विचारायला लाजू नये. आम्ही कारकून माणसे कागद वाचल्याशिवाय सही करत नाही, तुम्हीही करू नका. खर्चाची काळजी असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावे, शेत विकायला काढल्यावर नव्हे.

नळी निघाल्यावर शंभरात दहा-वीस जणांना ती पुन्हा घालावी लागते. म्हणून पहिले दोन दिवस कोणीतरी दवाखान्यातच थांबावे. आवाज घोगरा येईल, तो बहुधा काही दिवसांत सुधारतो. पेशंट पाणी मागेल, आणि मायेपोटी कोणीतरी चहाचा कप पुढे करील. तो देऊ नये. गिळता येते की नाही हे नर्स किंवा डॉक्टरांनी तपासून सांगेपर्यंत घोटभरसुद्धा नाही, कारण तो घोट श्वासनळीत गेला तर पेशंट पुन्हा मशीनवर जाऊ शकतो.