आवाजाची साक्ष

बारामती-इंदापूरकडील आमच्या घरांतून आजमितीस एखादा तरी मुलगा पुण्या-मुंबईस अगर परदेशीं असतोच. एकत्र कुटुंबाचा धागा बव्हंशीं टेलिफोनवरील आवाजानेंच टिकून आहे. तेव्हां त्या आवाजाची साक्ष कितपत ग्राह्य मानावी, याचा विचार वाचकांपुढें मांडणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

२०१५ सालीं आय.सी.आय.सी.आय. बँकेनें फोन करणाऱ्या ग्राहकास आवाजावरून ओळखण्याची सोय सुरू केली. कंठाची घडण, उच्चारांची लकब व बोलण्याची गति यांवरून यंत्र आवाजाचा ठसा घेतें आणि पुढें प्रत्येक वेळीं बोलणें त्याशीं ताडून पाहतें. युक्ति चांगली, पण पुरेशी नव्हे. २०१७ सालीं इंग्लंडांत एका वार्ताहराच्या जुळ्या भावानें नक्कल करून एच.एस.बी.सी. बँकेच्या अशाच यंत्रास चकविलें. २०२३ सालीं तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनीं, तीन सेकंदांचा नमुना ऐकून त्या माणसाच्या आवाजांत वाटेल तें वदविणारी पद्धति जाहीर केली.

म्हणून शहाणी बँक एका साक्षीवर निकाल देत नाहीं. माणसास जें ठाऊक आहे तें, उदाहरणार्थ पिन. त्याच्याजवळ जें आहे तें, म्हणजे मोबाईल व त्यावर येणारा ओटीपी. आणि त्याच्या देहाचें जें अंग आहे तें, म्हणजे अंगठा वा आवाज. यांपैकीं निदान दोन भिन्न साक्षी जुळाव्या लागतात.

मोरोपंतांनीं बारामतींत राहून जिचीं नाना रामायणें केलीं, त्या कथेंत हें सारें आहेच. मारीचानें रामाचा आवाज काढिला. केवळ त्या आवाजावर विसंबून सीतेनें लक्ष्मणास धाडिलें. पुढील अनर्थ सर्वश्रुत आहे. तीच सीता अशोकवनांत सावध झाली. हनुमंतास तिनें आधीं रामाचीं लक्षणें विचारिलीं, मग मुद्रिका पाहिली. आणि परत पाठवितांना चूडामणि देऊन, रामास व तिलाच ठाऊक असलेली कावळ्याची गोष्टहि सांगितली. ओळख दोन्हीं बाजूंनीं पटली.

आमचें चुकतें तें येथेंच. बँक आमची ओळख मागते. ‘बँकेंतून बोलतों’ म्हणणाऱ्याची ओळख मात्र आम्ही मागत नाहीं. ओटीपी ही आपली मुद्रिका. ती मागणाऱ्यास देऊं नये. फोन ठेवावा व पासबुकावरील क्रमांकावर आपण होऊन विचारावें. फसगत झाल्यास लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें.

दिवाळीस मंडळी जमतील तेव्हां घरापुरता एक खुणेचा शब्दहि ठरवावा. मग ‘आजोबा, अपघात झाला, पैसे पाठवा’ असा रडवेला आवाज आला, तर प्रथम तो शब्द विचारावा. खरा नातू या प्रश्नानें रुसणार नाहीं.