कावळ्याचा अपराध कीं बाजाराचा?

कावळा हा असा आरोपी आहे कीं, त्याचें वकीलपत्र घेण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं. भाद्रपदाच्या वद्य पक्षांत त्याच्यासाठीं पान वाढून मोठमोठे गृहस्थ गच्चीवर तिष्ठत उभे राहतात. दहाव्या दिवशीं त्यानें पिंडास चोंच लावावी म्हणून मृताच्या नांवानें नाना वचनें देतात. आणि कार्यभाग उरकतांच त्याच पक्ष्यास दगड, गलोल व क्वचित् विषाचें पारणें घडवितात. 'हे कावळे एकदांचे मारून टाका' अशी ओरड शहरांतून अधूनमधून ऐकूं येते. ती कितपत शहाणपणाची आहे, हें आज पाहूं.

प्रथम कायद्याचें कलम. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें उंदीर व फळें खाणारीं वटवाघळें यांच्या पंक्तीस कावळ्यासही बसवून 'उपद्रवी' ठरविलें होतें, व त्यास मारणें हा गुन्हा नव्हता. 2022 सालीं कायद्याची दुरुस्ती झाली, ती 1 एप्रिल 2023 पासून अमलांत आली, आणि उपद्रव्यांचें तें परिशिष्टच नाहींसें झालें. एखाद्या प्राण्यास अमुक प्रदेशापुरतें व अमुक मुदतीपुरतें उपद्रवी ठरविण्याचा अधिकार आतां केंद्र सरकारास आहे. तो नगरपालिकेस नाहीं. मग दुकानाच्या पायरीवर गलोल घेऊन उभ्या राहणाऱ्या शेटजींस कोठून असणार?

परंतु केवळ कायद्यावर बोट ठेवून प्रतिपक्षास गप्प बसविणें आम्हांस आवडत नाहीं. कावळ्यांचा संहार कोठेंच न्याय्य नसतो, असें आमचें म्हणणें नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या इकडचा हा राखी मानेचा कावळा झांजीबार बेटांत मुद्दाम नेण्यांत आला. हेतु काय, तर त्यानें तेथील केरकचरा साफ करावा! साहेबांनीं झाडूवाल्याची मजुरी वांचविली. पण तो झाडूवाला पुढें आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला, मोंबासा-मालिंदीपर्यंत त्याचें राज्य झालें, आणि तेथील सुगरणींचीं व इतर लहान पक्ष्यांचीं अंडीं-पिलें तो फस्त करूं लागला. 2024 सालीं केनियाच्या वन्यजीव खात्यानें त्या वर्षाअखेर दहा लक्ष कावळे विष देऊन मारण्याचा संकल्प जाहीर केला. तेथें कावळा परका आहे; तेथल्या पक्ष्यांस त्याच्याशीं झुंजण्याची पिढीजात संवय नाहीं. त्या देशाचें दुःख आम्ही समजूं शकतों. आमच्याकडील स्थिति निराळी आहे. येथें तो घरचाच आहे, आणि कोकिळेसारखी धूर्त पाहुणी त्याच्याच घरट्यांत आपलीं अंडीं उबवून घेऊन त्याच्या वंशवाढीस थोडाबहुत आळा घालीत असते.

मग शहरांत त्याची संख्या फुगते ती कशानें? उत्तर मंडईच्या मागच्या बोळांत मिळेल. मासळीचीं आंतडीं, खाटिकखान्याचे तुकडे, खाणावळींतलें उष्टें, पत्रावळी — हें सर्व उघड्यावर टाकलेलें असतें, आणि कचऱ्याची गाडी येते ती उन्हें वर आल्यावर. कावळा मात्र झुंजुमुंजु होतांच कामावर हजर असतो. शंभर कावळे मारले तरी जेवणाचीं शंभर पानें तशींच वाढलेलीं राहतात. त्यांवर दुसरे शंभर येऊन बसणार, हें कळण्यास पक्षिशास्त्राची पदवी नको.

जपानांतील तोक्यो शहराचा दाखला घ्यावा. 2001 च्या सुमारास तेथें 36 हजारांवर कावळे मोजण्यांत आले. ती जात आपल्या गांवकावळ्याहून दांडगी, माणसाच्या डोक्यावर झडप घालणारी. तेथील सरकारानें पिंजरे लावले हें खरें. पण त्याबरोबरच कचऱ्यावर जाळ्या टाकविल्या व शहरांत कचरा नेण्याच्या वेळांकडे लक्ष दिलें. पुढें संख्या पुष्कळच घटली. आमचे लोक यांतला पिंजरा तेवढा उचलतात व जाळी विसरतात!

शिवाय कावळा मारतांना आपण आपलाच एक पहारेकरी मारीत असतों. 2020-21 च्या हिंवाळ्यांत राजस्थानांतील झालावाड व मध्यप्रदेशांतील इंदूर येथें कावळे पटापट मरून पडूं लागले, तेव्हां त्या भागांत पक्ष्यांच्या सांथीची वार्ता लोकांस कळली. कोंबड्यांच्या व्यापाऱ्यांस त्या सूचनेची किंमत विचारावी.

विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण चैत्रापासून पावसाळा लागेतों, घरट्याखालून जाणाऱ्यांस टोंच बसते, ही तक्रार खरी आहे. त्यास उपाय छत्री. फार तर वीण संपल्यावर रस्त्यावरील फांद्यांची छाटणी रीतसर परवानगीनें करावी.

बाकीचा उपाय आमच्या वाचकांच्याच हातीं आहे. ओला व सुका कचरा वेगळा ठेवण्याचें बंधन 2016 च्या नियमांनीं घातलें. तें किती दुकानदारांनीं पाळलें, हें ज्यानें त्यानें आपल्या मागील दाराशीं जाऊन पाहावें. मासळीबाजार, मटणबाजार व मंडई येथें झांकणाच्या पेट्या हव्यात, आणि कचऱ्याची गाडी पहांटे फटफटण्यापूर्वीं निघाली पाहिजे. यासाठीं येत्या अंदाजपत्रकांत किती रक्कम धरली आहे, हा प्रश्न व्यापारी मंडळींनीं आपापल्या वॉर्डाच्या सभासदांस या आठवड्यांतच लेखी विचारावा. उत्तर आल्यास आम्ही तें याच स्तंभांत छापूं.