करणी कसायाची, बोलणी मानभावाची?

ही म्हण शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकांत हमखास असते. अर्थ असा दिलेला असतो : बोलणे गोड आणि वागणे क्रूर. मुले अर्थ पाठ करतात, वाक्यात उपयोग करतात आणि पुढच्या म्हणीकडे वळतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. आमच्या वर्गांत कुरेशी आडनावाची मुले असतात आणि त्यांच्यापैकी काहींच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खाटकाचा धंदा चालत आलेला आहे. म्हणीतला कसाई म्हणजे आपलेच अब्बा, हे त्यांना लगेच कळते. पण 'मानभाव' कोण, हे त्यांना ठाऊक नसते. खरे तर वर्गाबाहेरच्या मोठ्या माणसांनाही ते क्वचितच ठाऊक असते.

मानभाव म्हणजे महानुभाव. आमच्याच अमरावती जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर हे त्यांचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी हा पंथ सांगितला. त्यांचे गुरू गोविंदप्रभू रिद्धपूरचे. अहिंसा, एकाच परमेश्वराची भक्ती, स्त्रिया आणि शूद्र यांनाही मोक्षाचा अधिकार, आणि हे सगळे लोकांच्या मराठीत. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिले ते याच परंपरेत, आणि आद्य मराठी कवयित्री मानली जाणारी महदाइसाही याच पंथाची. म्हणजे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ ज्यांनी दिला, त्यांच्याच नावावरून मराठीत 'मानभावी' हा शब्द पडला आणि त्याचा अर्थ झाला ढोंगी, वरवर साधेपणा दाखवणारा. पंथाचे ग्रंथ कित्येक शतके सांकेतिक लिप्यांत बंद राहिले. बाहेरच्यांना ते वाचता येईनात, त्यामुळे संशयाला आणखी जागा मिळाली. ग्रंथ उलगडले ते विसाव्या शतकात. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. शब्दाचा अर्थ मात्र शब्दकोशात आहे तिथेच आहे.

नव्या धर्माकडे, नव्या पंथाकडे समाज कसा पाहतो, याचा याहून चांगला पुरावा मला दुसरा माहीत नाही. ही माणसे वागतात कशी, हे पाहण्याआधीच त्यांच्या वागण्याला नाव ठेवले गेले.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले आहे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. त्यात वऱ्हाडातले लोक मोठ्या संख्येने होते. बुद्धाचा धम्म अडीच हजार वर्षांचा, तरी या लोकांच्या मागे 'नव' लागले आणि ते 'नवबौद्ध' झाले. तिसरी-चौथी पिढी आली तरी सरकारी योजनांच्या कागदावर हा शब्द टिकून आहे. सोयीसाठी असेल, पण बोलण्यात तो वापरला जातो तेव्हा त्यात एक सूर असतो : हे कालचे, यांचे काय खरे! आणि गंमत अशी की, ज्या धम्माकडे असे पाहिले गेले त्याचा गाभाच नीती हा आहे. 1957 मध्ये प्रकाशित झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मांडलेला मुद्दा थोडक्यात असा : इतर धर्मांत जी जागा ईश्वराला आहे, ती धम्मात नीतीला आहे.

इथेच तो जुना प्रश्न येतो. ईश्वर काढून घेतला तर नीती उरते का? राजापेठेत चहाच्या टपरीवर हाच प्रश्न वऱ्हाडीत विचारला जातो : "सर, ज्याले देवच नाही, त्याचा काय भरवसा?" आमच्या मोहल्ल्यात उर्दूत विचारतात : "जिसे ख़ुदा का ख़ौफ़ नहीं, उसका क्या एतबार?" भाषा दोन, शंका एकच.

मी पाच वेळचा नमाजी आहे आणि तरीही माझे उत्तर असे आहे की, नीती धर्माच्या आधीची आहे. हे मी आधुनिक दिसावे म्हणून म्हणत नाही. आमच्या परंपरेतच त्याचे दाखले आहेत.

पैगंबर मुहम्मद (स.) यांना नुबुव्वत मिळाली वयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्याआधीच मक्केचे लोक त्यांना 'अमीन', म्हणजे विश्वासू, म्हणत होते. ते म्हणणारे लोक मूर्तिपूजक होते. विश्वासू कोण आणि लबाड कोण, हे ओळखायला त्यांना वहीची गरज लागली नाही. त्याच काळात येमेनच्या एका व्यापाऱ्याचा माल मक्केतल्या एका बड्या माणसाने घेतला आणि पैसे बुडवले. तेव्हा काही कबिले अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी जमले आणि त्यांनी शपथ घेतली की, मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल त्याच्या बाजूने आम्ही उभे राहू, मग तो आपला असो की परका. या कराराला 'हिल्फुल फुजूल' म्हणतात. तरुण मुहम्मद (स.) त्यात सामील होते आणि नुबुव्वतीनंतरही त्यांनी सांगितले की, अशा कराराला आजही कोणी बोलावले तर मी जाईन. करार करणाऱ्यांत तेव्हा एकही मुसलमान नव्हता, कारण इस्लाम अजून यायचा होता.

हिजरतीच्या वेळी मक्का सोडताना जिवाला धोका होता. वाट दाखवायला घेतलेला माणूस अब्दुल्लाह बिन उरैकित हा मुसलमान नव्हता. शत्रूंनी बक्षीस लावलेले असताना त्याने दगा दिला नाही. ताइफहून परतताना पैगंबरांना मक्केत संरक्षण दिले ते मुतइम बिन अदी यांनी, आणि तेही मुसलमान झाले नव्हते. पैगंबर ते उपकार विसरले नाहीत. बद्रच्या लढाईनंतर त्यांनी सांगितले की, मुतइम हयात असते आणि त्यांनी या कैद्यांसाठी शब्द टाकला असता, तर मी सर्वांना सोडले असते. ज्यांच्या सीरतमध्ये हे प्रसंग आहेत, त्यांनी 'बेदीन माणसाचा भरवसा नाही' असे म्हणणे बरे दिसत नाही.

उर्दू शिकवणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते. कुरआनात चांगल्या कामासाठी वारंवार 'मारूफ' हा शब्द येतो. उर्दूत आपण 'मशहूर-ओ-मारूफ' म्हणतो. मारूफ म्हणजे जे ओळखीचे आहे, माहीत आहे ते. चांगुलपणाला दिलेले नावच सांगते की, माणूस तो ओळखतो. या प्रश्नावर मुस्लिम विद्वानांत हजार वर्षांपूर्वी मोठा वाद झाला. मुअतजिली म्हणाले, भले-बुरे अक्कलेने कळते. अशअरी म्हणाले, अल्लाहच्या हुकमानेच ते ठरते. मातुरीदींनी मधली वाट घेतली : हिशेब हुकमावर होईल, पण अनेक गोष्टींतले भले-बुरे अक्कल ओळखू शकते. भारतातले बहुतेक सुन्नी हनफी आहेत आणि हनफींमध्ये मातुरीदी विचार रुजलेला आहे. म्हणजे मी म्हणतो त्यात नवे काही नाही.

आता धर्म न मानणाऱ्यांकडे पाहू. गोपाळ गणेश आगरकर जन्माने टेंभूचे, पण मॅट्रिक झाले ते अकोल्यातून, 1875 मध्ये. घरची गरिबी एवढी की शिक्षण सुटता सुटता राहिले. शिकल्यावर मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र आईला पत्राने कळवले की, पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी लोकांसाठी काम करणार आहे, आणि तसेच केले. ईश्वर आहे की नाही हे कळण्याचा मार्ग नाही, असे मानणारा हा माणूस बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांच्याविरुद्ध लिहीत राहिला. पुण्यात विरोधकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 17 जून 1895 रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ते दम्याच्या दीर्घ आजाराने गेले. या माणसाला स्वर्गाची आशा नव्हती, नरकाचे भय नव्हते. भरवसा ठेवायचा तर अशा माणसावर ठेवायचा नाही, तर कुणावर?

याचा अर्थ देव न मानला की माणूस आपोआप चांगला होतो, असा नाही. स्टालिनच्या राजवटीत देव नव्हता आणि माणसे मारली गेली ती लाखोंनी. जी कसोटी आस्तिकाला, तीच नास्तिकाला.

मास्तर म्हणून मला हा मुद्दा परीक्षेच्या हॉलमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. भरारी पथक आले की चिठ्ठ्या खिडकीबाहेर जातात. पथक गेले की काही मुलांच्या माना पुन्हा वळतात. टिळा लावलेली असतात, टोपी घातलेली असतात, निळा दोरा बांधलेली असतात. पथकाच्या भीतीने कॉपी न करणाऱ्या मुलाला आपण प्रामाणिक म्हणत नाही, सावध म्हणतो. मग जहन्नमच्या भीतीने चोरी न करणाऱ्या मोठ्या माणसाला काय म्हणायचे? बसराच्या हजरत राबिया यांच्याविषयी सांगतात की, त्या एका हातात आग आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन निघाल्या होत्या : जन्नत जाळायला आणि जहन्नम विझवायला, म्हणजे लोक लालूच आणि भीती सोडून इबादत करतील.

मग धर्माची गरज काय, असे कोणी विचारेल. माझ्यापुरते सांगतो. धर्माने मला चांगुलपणाची सवय लावली. जकात द्यायला मन दरवर्षी राजी असतेच असे नाही, पण शिलकीतले अडीच टक्के काढावेच लागतात. रोजात भूक कळते. चांगले काय हे अक्कल सांगते, पण कंटाळा आला तरी ते करत राहायला शिस्त लागते आणि मला ती दीनातून मिळाली. आगरकरांना ती दुसरीकडून मिळाली. विहिरी वेगळ्या असल्या तरी पाणी पिण्याजोगे आहे का, एवढे पाहायचे.

आणि पाणी नेहमी पिण्याजोगे नसते, हे अमरावतीकरांना सांगायला नको. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाचा मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याविरुद्ध बंद झाला, पुन्हा तोडफोड आणि जाळपोळ. मग संचारबंदी, इंटरनेट बंद. दोन्ही दिवशी रस्त्यावर उतरलेले लोक धर्म मानणारेच होते. जून 2022 मध्ये आमच्या शहरात एका औषध विक्रेत्याची गळा चिरून हत्या झाली. त्याने पाठवलेल्या एका मजकुरावरून ती केली गेली, असे राष्ट्रीय तपास यंत्रणेचे म्हणणे आहे आणि आरोपी मुसलमान आहेत. न्यायालय जो निकाल द्यायचा तो देईल. पण पैगंबरांच्या नावाने कोणी असे करत असेल, तर त्याला सीरत माहीत नाही, हे आपण मुसलमानांनी घरात आणि बाहेर, एकाच आवाजात म्हटले पाहिजे. 'धर्म असला की माणूस सुधारतो' हे वाक्य त्या घरासमोर उभे राहून कुणाला म्हणता येणार नाही.

आता संशयाबद्दल. नव्या पंथावर, नव्या बाबावर शंका घेऊ नये, असे मी म्हणत नाही. शंका घ्यावीच. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला, तो अशा शंकांसाठीच. कायद्याने धर्म पाहिलेला नाही, कृत्य पाहिले आहे. मांत्रिकाला तो लागू आहे तसाच आमिलालाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली बाईला मारहाण करणारा कोणत्या भाषेत मंत्र म्हणतो, याने फरक पडत नाही.

माझे म्हणणे एवढेच की, शंका सर्वांवर सारखी घ्या. कोणताही पंथ असो, काही साधे प्रश्न विचारता येतात. पैसा कुणाकडे जातो आणि हिशेब दाखवतात का? प्रश्न विचारणाऱ्याला बसू देतात की उठवतात? सोडून जायचे म्हटले तर सुखाने जाऊ देतात का? आजारी माणसाला दवाखान्यात जाऊ देतात का? आणि बाहेरच्या माणसांबद्दल आपल्या लोकांना काय शिकवतात? हे प्रश्न कालच्या बाबाला लागू आहेत तसेच हजार वर्षांच्या मठाला, मंदिराला, दर्ग्याला, मशिदीच्या कमिटीलाही. जुनेपणा हे उत्तर नाही. मक्केचे सरदारही हेच म्हणत होते की, आमच्या बापजाद्यांचा धर्म आम्हाला पुरेसा आहे. एकेकाळी नवा म्हणून ज्या धर्माला हिणवले गेले, त्याच्या अनुयायांनी तरी दुसऱ्याला नवा म्हणून हिणवू नये.

या प्रश्नांत पूर्ण उतरलेला माणूस आमच्याच जिल्ह्यातला. शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेले डेबूजी, म्हणजे गाडगेबाबा. कीर्तनात ते लोकांनाच प्रश्न विचारत. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतःसाठी घर केले नाही. कुणाला शिष्य केले नाही, म्हणून पंथही झाला नाही. 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ ते गेले तेव्हा मागे ठेवण्यासारखी इस्टेट नव्हती. देव मानणारे लोक त्यांना संत म्हणतात आणि देव न मानणारेही त्यांना आपले म्हणतात, कारण दोघांनाही त्यांची करणी दिसते.

'करणी कसायाची, बोलणी मानभावाची' या म्हणीत एक शब्द बरोबर आहे, तो म्हणजे करणी. माणूस बोलण्यावरून नव्हे, करणीवरून ओळखावा. चूक तिथे झाली की करणी पाहण्याआधीच ती एका धंद्याच्या आणि एका पंथाच्या नावावर लावली गेली. घर भाड्याने देताना आडनाव विचारून गप्प होणारा घरमालक आजही हेच करतो.

म्हणून सुरुवात आपल्यापासून करू. आपल्या मशिदीत, दर्ग्यात, मदरशात वर्षाचा जमाखर्च दारावर लावलेला आहे का, हे येत्या जुम्याला पाहा. नसेल तर कमिटीला अदबीने विचारा. तुमच्या शेजारच्या मंडळातला, विहारातला, मठातला मित्रही तिकडे हाच प्रश्न विचारेल. कुठे उत्तर मिळेल, कुठे राग येईल. भरवसा कुठे ठेवायचा, ते त्यावरून कळेल.