स्कूटर नवी, आधार जुना

विजेच्या स्कूटरवर नाव एका कंपनीचे असते. ती घडवणारे हात मात्र अनेक कारखान्यांचे असतात. आयआयटी मद्रासच्या दोन पदवीधरांनी २०१३ मध्ये काढलेल्या एथर कंपनीचा कारखाना तामिळनाडूत होसूरला आहे. पुढच्या कारखान्यासाठी तिने २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरजवळचे बिडकीन निवडले. ते का? दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली आखीव जमीन आणि सरकारी सवलती ही कारणे आहेतच. पण केवळ जमिनीने उद्योग येत असते, तर राज्यातली एकही औद्योगिक वसाहत ओस पडली नसती.

खरे भांडवल आहे ते शेजारच्या वाळूजचे. १९८५ मध्ये बजाज ऑटोने तेथे कारखाना सुरू केला आणि त्याच्या आधाराने सुट्या भागांचा उद्योग वाढला. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामातून एन्ड्युरन्स, प्लास्टिकच्या भागांतून व्हॅरॉक या कंपन्या मोठ्या झाल्या. त्यांच्यामागे साचे बनवणारी, लेथवर काम करणारी, रंगकाम करणारी लहान वर्कशॉप उभी राहिली.

नवागताला याचा लाभ सरळ आहे. ब्रेक, चाके, शॉक-अ‍ॅब्सॉर्बर, आरसे पेट्रोलच्या गाडीला लागतात, तसे विजेच्या गाडीलाही. ते शेजारी तयार मिळाले, की भट्ट्या आणि यंत्रे यांत अडकणारा पैसा बॅटरी आणि संगणकीय प्रणालीकडे वळवता येतो. साच्यात दोष निघाला, तर पुरवठादाराशी समोरासमोर बसून तो दुरुस्त करता येतो. मालाचा मोठा साठाही करावा लागत नाही.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. विजेच्या गाडीला पिस्टन, व्हॉल्व्ह, सायलेन्सर लागत नाहीत. व्हॅरॉकसारखी मोठी कंपनी विजेच्या मोटरकडे वळू शकते. दहा कामगारांच्या वर्कशॉपने काय करायचे? शिवाय बॅटरीचे सेल बहुतांशी आयात होतात. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरसाठी लागणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा ही उणीव उघडी पडली.

म्हणून सवलतींचा काही वाटा मोठ्या कारखान्यांबरोबर या लहान वर्कशॉपनाही मिळायला हवा. नवी यंत्रे घेण्यासाठी स्वस्त कर्ज, मालाच्या तपासणीची समाईक सोय आणि आयटीआयमधून मोटर व बॅटरीचे प्रशिक्षण, एवढे तरी व्हावे. वाळूजचे हे कसब घडायला चाळीस वर्षे लागली. ते एकदा विखुरले, तर पुढच्या नवागताने मराठवाड्यात का यावे?