औषधांच्या पिशवीतील प्रश्न

घरातील वृद्धाने भलतीच गोळी घेतली आणि त्यास रुग्णालयात न्यावे लागले, की सारा दोष त्याच्या विसराळूपणावर टाकून सगळे मोकळे होतात. वस्तुस्थिती इतकी सोपी नाही.

वयोमानाने मूत्रपिंडाचे काम मंदावते. त्यामुळे तरुणास सोसणारी मात्रा वृद्धाच्या अंगात साचत जाते. ग्लिबेनक्लामाइडची गोळी घेऊन जेवण चुकले, तर रक्तातील साखर उतरून मधुमेही माणूस बेशुद्ध पडू शकतो. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफिनॅकने जठरात रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडही निकामी होऊ शकते. संधिवातावरील मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. ते रोज घेतले गेल्यास प्राणावर बेतते. शिवाय एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात, आणि दोन डॉक्टरांकडे जाणारा वृद्ध ते नकळत दुप्पट घेतो.

यात विसराळूपणाचा भाग किती आणि व्यवस्थेचा किती? वेष्टनावरील मजकूर बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. पैसे कमी म्हणून पट्टी कापून चारच गोळ्या घेतल्या, की नाव आणि मुदत बहुधा उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहतात. १९४५ च्या नियमांतील ‘एच’ अनुसूचीतील औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, आणि डायक्लोफिनॅक त्यांतलेच. तरीही रिकामी पट्टी दाखवली की ते हाती पडते. येथे एकट्या दुकानदारास आरोपी करून भागणार नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील किमान रक्कम २०१४ साली ठरली ती दरमहा १,००० रुपये. एवढ्या पैशांत डॉक्टरची फी, रक्ततपासणी आणि औषधे कशी बसावीत? म्हणून फी वाचवली जाते आणि दुकानाचा कट्टा हाच दवाखाना होतो. बहुसंख्य शेतमजूर व घरकामगारांना तर या योजनेचाही आधार नाही.

व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळ नावाने विकावीत, असे हाथी समितीने १९७५ सालीच सुचवले होते. कंपन्यांच्या नफ्यापुढे ती शिफारस मागे पडली. मात्र तामिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी महामंडळ स्थापले आणि राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे देण्यास आरंभ केला. सार्वजनिक खरेदी मूळ नावाने होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. वेष्टनावर मराठीत ठळक सूचना असावी. पट्टी कापून दिल्यास नाव, मात्रा व मुदत लिहिलेले पाकीट सक्तीचे व्हावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांच्या सर्व औषधांची ठरावीक काळाने फेरतपासणी व्हावी. निवृत्तिवेतन जगण्यापुरते असावे.

कायदा होईपर्यंत कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. वस्तीतील वृद्धांजवळ बसावे, त्यांची औषधांची पिशवी उघडून सर्व गोळ्यांची यादी मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती यादी घेऊन त्यांना सरकारी डॉक्टरकडे न्यावे. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करावयाची नाही, हेही सांगावे. ज्यांनी आयुष्यभर राबून समाज उभा केला, त्यांच्या उशाशी असलेली पुडी औषधाची आहे की विषाची, हे दैवावर सोडता येणार नाही.